निळा न झालेला कागद

देवाने पाणी निर्माण केलं त्या दिवशी माझे साडू तिथे हजर असते, तर त्यांनी आधी देवाला हात दाखवायला लावले असते. धुतले आहेत का, धुतले असतील तर कुठल्या पाण्याने, आणि ते पाणी कुठून आणलं, हे विचारून झाल्याशिवाय त्यांनी सृष्टीचं पुढचं काम सुरू होऊ दिलं नसतं. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, आणि दोघंही एकमेकांना तीच हाक मारतात. माझे हे साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. यवतमाळच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोहाऱ्याच्या आपल्या घरी बसून संशय घेण्याचं काम पूर्णवेळ हाती घेतलं. कॉलेजात असताना ते हे काम फक्त सुट्टीत करत.

पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा पेला पुढे करायचा, ही आपली रीत. साडभाऊ तो पेला घेत, उजेडाकडे तोंड करून उभे राहत आणि सोनाराने खडा बघावा तसा फिरवून फिरवून बघत. मग वास घेत. मग घरातल्या बाईला अगदी नम्रपणे विचारत, "टाकी कधी धुतलती?" बाईचा चेहरा पडे. कोणी म्हणालं, "अवो, पाहा ना किती स्वच्छ आहे," की साडभाऊंना जास्तच शंका येई. "स्वच्छ दिसते ना, त्याच्यावर पयले संशय घ्यायचा," ते सांगत. "गढूळ पाणी बिचारं इमानदार असते. आपला अवगुण तोंडावर सांगते. दगा देते ते हे असं चकचकीत." आणि पेला तसाच तिपाईवर ठेवून आपल्या झोळीतली बाटली काढून घोटभर पीत. साखरपुडा असो, सांत्वनाची भेट असो, यात बदल नाही.

याला जगात एकच अपवाद होता, आणि तो आमचं घर. दिग्रसहून पाऊण तासावरच्या आमच्या खेड्यात ते एसटीतून उतरत, ओट्यावर बसत, माझी बायको पेला पुढे करी आणि ते एका दमात, न बघता, गटागटा पिऊन टाकत. बायकोनेच हे पहिल्यांदा हेरलं. "भाऊजी आपल्याच घरी पाहून पेत नाहीत," ती म्हणाली. मी एकदा त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, "तुमी पोस्टातला माणूस. दिलं ते तसंच पोचवता." मी गावातलं छोटं पोस्ट सांभाळतो. दुसऱ्याचं पाकीट मी आजवर उघडलेलं नाही. या वाक्याचा मला फार अभिमान होता. तो होता, एवढंच इथे सांगून ठेवतो.

त्यांच्या झोळीत काचेच्या सात-आठ बाटल्या, मेणबत्ती, काडेपेटी आणि नोटा खऱ्या-खोट्या बघायचा तो निळसर दिवा कायम असे. दिसेल ते पाणी ते बाटलीत भरत, बुचावर मेण ओतत आणि घरी नेत. दिग्रसच्या बसस्टँडवरच्या पाणपोईवर एकदा एका म्हातारीने त्यांना हटकलं. "काका, पेत काहून नाही? नुसतं भरून कुठं नेता?"

"बाई, मी याची चौकशी करून राह्यलो."

"कायची चौकशी? पाणी कुठं पळून गेलतं का?" म्हातारी म्हणाली आणि दोन पेले प्यायली, त्यांच्याकडे बघत बघत.

माझ्या मुलीसाठी पुसदला स्थळ बघायला गेलो तेव्हा मी त्यांना मोठ्या मानाने सोबत नेलं होतं. मुलाकडच्यांनी पाणी आणलं. साडभाऊंनी पेला उजेडात धरला, सगळ्यांच्या देखत बाटलीत ओतला, मेणबत्ती पेटवली, बुच मेणाने बंद केलं आणि बाटली झोळीत ठेवली. मुलाची आजी कोपऱ्यातून म्हणाली, "आमच्या घरचं पाणी बांधून कुठं नेऊन राह्यले, बाप्पा? कोणत्या बाबाकडं?" मी घाईघाईने हात जोडले. साडभाऊ म्हणाले, "बाबाकडे नाही आजी, पळसाकडे नेतो." आजीने पदर तोंडाला लावला. पळसाची पानं कुठल्या कुठल्या विधींना लागतात हे तिला पुरेपूर माहीत होतं. पुढचे पंधरा दिवस तिथून निरोप आला नाही. शेवटी साडभाऊंचाच फोन आला, "पाणी ठीक आहे. पोराचं मले माहीत नाही." लग्न ठरलं, पण त्या घराने आमच्या घराकडे जरा तिरप्या नजरेने बघायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

पळसाची भानगड अशी. लोहाऱ्याच्या घरामागची जुनी न्हाणी त्यांनी प्रयोगशाळा केली होती. पळसाची पानं वाळवायची, चुरायची, पाण्यासह एका घट्ट झाकणाच्या पोलादी भांड्यात कोंडायची आणि भट्टीत तासन्‌तास तापवायची. निघे तो काळपट काढा. तो गाळून त्या निळ्या दिव्याखाली धरला की चांदण्यासारखा निळा उजळे. "पान जळून कोळसा झाला, पण इतका बारीक, का डोळ्याले दिसत नाही," ते सांगत. "मोठा असता तर काळा दिसला असता. बारीक झाला म्हणून चमकते." शेजाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की मास्तरच्या न्हाणीत काहीतरी उकळतं, वास येतो आणि दार आतून बंद असतं. कोणीतरी कळवलं असावं, कारण एक दिवस एक हवालदार वास घेत आला. त्याला मोहाच्या दारूची भट्टी सापडायची होती. साडभाऊंनी त्याला आत नेलं, काढा दाखवला, दिवा लावला आणि मग हवालदाराच्याच कमरेची पाण्याची बाटली मागून घेतली. हवालदार तासाभराने बाहेर पडला तो बाटली तिथेच सोडून. पुढे तो उकळलेलंच पाणी पितो असं ऐकलं.

या चमकत्या कणांच्या अंगाला ते एक खास साखर चिकटवत. पोट बिघडवणारे काही जंतू असतात, त्यांना ती साखर दिसली की धरून ठेवायची खोड असते. संशयित पाण्यात हे साखर लावलेले कण सोडायचे, थोडा वेळ थांबायचं आणि पाणी अतिशय बारीक भोकांच्या कागदातून गाळायचं. मोकळे कण कागदातून खाली निघून जातात. जंतू मोठा, तो वर अडकतो, आणि त्याने धरलेले कणही त्याच्यासोबत अडकतात. कागद दिव्याखाली धरा. निळा उजळला तर पाण्यात तो आहे. कागद काळोखात तसाच राहिला तर नाही. दोन-तीन दिवस अहवालाची वाट बघायला नको. "ज्या पानावर पंगत जेवते," ते म्हणत, "तेच पान सांगन, पंगतीले हे पाणी पाजा का नका पाजू." आमच्याकडे पत्रावळ्या पळसाच्याच असतात. हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज थोडा ओला व्हायचा, आणि मग आवाज का ओला झाला म्हणून ते स्वतःवर संशय घ्यायचे.

कारण स्वतःवर तर त्यांचा सगळ्यात जास्त संशय होता. कोणती बाटली कुठली हे माहीत असलं की डोळा आपल्याला हवं ते बघतो, असं त्यांचं मत. म्हणून बाटल्यांवर गावांची नावं नसत, नुसते आकडे असत. आकडे माझ्या मेव्हणीबाई, म्हणजे ताई, टाकायच्या. कुठला आकडा म्हणजे कुठलं पाणी ही चिठ्ठी ताई मसाल्याच्या डब्यात लपवून ठेवायच्या आणि निकाल लिहून झाल्याशिवाय त्यांना दाखवायच्या नाहीत. "बेचाळीस वर्षं संसार केला," ताई मला म्हणाल्या, "पण माह्या हातच्या भाजीवर भरोसा नाही. चिठ्ठीवर मात्र आहे. काय करता?" तपासून झालेल्या बाटल्याही ते टाकत नसत. उरलेलं पाणी पुन्हा मेणाने बंद करून आकड्यानिशी फळीवर. उद्या कोणी विचारलं तर?

तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना हे सगळं पटलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर दोन-चार गावांच्या विहिरी साडभाऊंच्या कागदाने तपासायच्या, सोबत नेहमीची तपासणीही करायची आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवायचे, असं ठरलं होतं. साडभाऊंनी डोंगरातून पोतंभर पानं आणून ठेवली होती. त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न होतं.

इथून पुढे लिहायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली आहे.

आमच्या परसात वडिलांनी खोदलेली विहीर आहे. लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात मी नवा संडास बांधला आणि त्याचा शोषखड्डा विहिरीपासून जितका लांब असायला हवा तितका ठेवला नाही. जागा नव्हती हे कारण मी लोकांना सांगितलं. खरं कारण, लांब ठेवायचा तर वडिलांनी लावलेला आंबा तोडावा लागला असता. वऱ्हाडासाठी आम्ही जारचं पाणी सांगितलं होतं. गावपंगत मात्र विहिरीवरच होणार होती. साडभाऊ आठ दिवस आधी आले, ओट्यावर न बघता पाणी प्यायले, आणि म्हणाले, "साडभाऊ, विहिरीची बाटली भरून द्या. माह्यासाठी नाही. गावाले पाजता, म्हणून."

"आता कायले? लग्न तोंडावर आलं."

"म्हणूनच. खड्डा जरा जवळ वाटून राह्यला मले." त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांना विहिरीच्या काठावर वाकता येईना. त्यांनी रिकामी बाटली माझ्या हातात दिली. त्यांच्या आयुष्यात दुसऱ्याने भरलेला हा पहिला नमुना असेल.

मी परसात गेलो. विहिरीजवळ उभा राहिलो. कागद निळा झाला तर साडभाऊ गावभर सांगतील, पुसदपर्यंत जाईल, ती आजी पुन्हा पदर तोंडाला लावेल, गाव म्हणेल वऱ्हाडाला जार आणि आम्हाला हे. एवढं सगळं माझ्या मनात आलं. पंगतीत बसणारी माणसं मात्र मनात आली नाहीत. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात आलो. नमुन्याला म्हणून आलेला एक जार तिथे होता. मी त्यातून ती बाटली भरली, पुन्हा परसातून फिरून पुढे आलो, आणि साडभाऊंनी ती विश्वासाने माझ्या हातून घेऊन लोहाऱ्याला नेली. तिथे ताईंनी तिच्यावर सात आकडा टाकला.

दोन दिवसांनी फोन आला. "कागद काळाच आहे. तीनदा केला." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, गोंधळ होता. "खड्डा इतका जवळ आन पाणी गंगाजल? संशय येते मले." मग ते म्हणाले, "जाऊ द्या. कागद म्हणते तर म्हणते. खुशाल पाजा." आणि लग्नाच्या दिवशी त्यांनी काय केलं? वऱ्हाडात न बसता ते गावपंगतीत बसले, पळसाच्या पत्रावळीवर जेवले आणि विहिरीच्या पाण्याचा गडवा तोंडाला लावला. शेजारच्याला म्हणाले, "प्या राजेहो, हे पाणी मी ओळखतो." मी वाढत होतो. मी त्यांच्या हातातून तो गडवा घेऊ शकलो असतो. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

तिसऱ्या दिवसापासून गावात पोटं बिघडली. कोणी दगावलं नाही, हे मी रोज स्वतःला सांगतो. पण पंगतीतल्या बऱ्याच जणांना सलाईन लागलं, आणि सगळ्यात वाईट हाल साडभाऊंचे झाले. आरोग्य केंद्राने विहीर तपासली, पाणी खराब निघालं. त्यात औषध टाकलं, मी खड्डा बुजवला, आंबाही तोडला. दवाखान्यात मी साडभाऊंसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या तोंडात सगळं तयार होतं. पण त्यांनीच सलाईनच्या हाताने माझा हात धरला. "साडभाऊ, माफ करा मले," ते म्हणाले. "माह्या भरवशावर तुमी लोकायले पाणी पाजलं. पोरीच्या लग्नात मी तुमाले मान खाली घालाले लावली." मी म्हणालो, "असू द्या." याच्याएवढं हलकट वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

बरे झाल्यावर त्यांनी एकेकाची चौकशी लावली. पळसाच्या पानांवर संशय घेतला, साखरेवर घेतला, गाळणकागदावर घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन, निळा रंग मला पुरता दिसतो का, हे तपासून आले. ताईंनी आकडे उलटसुलट टाकले असतील म्हणून मसाल्याचा डबा पालथा केला. ताई म्हणाल्या, "आता माह्यावरही आले का?" सगळ्यांवर येऊन झालं, माझ्यावर आलं नाही. शेवटी ते त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि आपण होऊन सांगून आले, "हे खोटं सांगते. वापरू नका." न्हाणीला कुलूप लागलं. पोतंभर पानं ताईंनी चुलीत घातली. दोन पावसाळे गेले. दरवेळी कुठल्या तरी गावात हगवणीची साथ आल्याची बातमी माझ्याच पोस्टातल्या पेपरात मी वाचत होतो.

या दिवाळीनंतर मी लोहाऱ्याला गेलो. ताईंनी चहा ठेवला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, जार, मागचं दार, सगळं. साडभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "नाही," ते म्हणाले. "मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यले तुमी. तुमचा सभाव मले माहीत आहे."

"खरं सांगतो हो!"

"पोस्टातला माणूस असं करत नाही." सगळ्या जगावर संशय घेणारा हा माणूस माझा गुन्हा मानायला तयार नव्हता. मी शपथा घेतल्या. ते जास्तच प्रेमाने बघू लागले.

तेव्हा ताई उठल्या. न्हाणीचं कुलूप काढून फळीवरून सात आकड्याची बाटली घेऊन आल्या. "याच्या घरची विहीर मले सांगता?" त्या माझ्याकडे हात करून नवऱ्याला म्हणाल्या. "माह्या बहिणीची घागर चुन्यावाणी पांढरी होते त्या पाण्यानं. डाळ शिजत नाही." त्यांनी एका चमच्यात बाटलीतलं पाणी घेतलं आणि गॅसवर धरलं. पाणी आटलं की पुन्हा चमचाभर, असं चार वेळा केलं. क्षार असते तर पांढरा थर उरला असता. चमचा कोरडा झाला तेव्हा त्यात ताईंचं नाक दिसत होतं. त्यांनी तो साडभाऊंच्या हातात दिला.

साडभाऊंनी तो खिडकीकडे धरला. फिरवून फिरवून बघितला. बोट लावलं, बोट बघितलं. आणि एकदम त्यांचा चेहरा पहाटेसारखा उजळला. "म्हणजे पळस खोटा नव्हता!" ते ओरडले. "ऐकता का वो! कागद बरोबर होता! जारचं पाणी, कागद काळा! बरोबरच!" ते न्हाणीच्या दारापर्यंत गेले, तिथून परत आले, आणि मग त्यांना आठवलं की मी तिथे उभा आहे. चमचा अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तो उजेड हळूहळू उतरला.

"इतकं साधं तपासायचं राहून गेलं माह्याकडून," ते म्हणाले. "पाणी विहिरीचं आहे का, हेच." आणि चमचा ताईंना परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

न्हाणीत पुन्हा भट्टी पेटली आहे. मी स्वतः त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन माझ्या तोंडाने सगळं सांगून आलो. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण येत्या उन्हाळ्यात विहिरी तपासायच्या ठरल्या आहेत. पहिली आमची. साडभाऊ गेल्या आठवड्यात तिची पाहणी करायला आले होते. दोरी सोडून बाटली त्यांनी स्वतः भरली. गुडघे कडकड वाजत होते, मी हात द्यायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू द्या, साडभाऊ." फार हळू आवाजात म्हणाले. मग ओट्यावर आले, माझ्याशी मुलीची ख्यालीखुशाली बोलले, पुसदच्या आजीची नक्कलही केली. बायकोने नेहमीसारखा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, बोलता बोलताच जरा वळले आणि उजेडात धरला. फार वेळ नाही, क्षणभरच. त्यांना वाटलं असावं, माझं लक्ष नाही. मग प्यायले, सगळं प्यायले, आणि रिकामा पेला माझ्या हातात देत म्हणाले, "छान आहे पाणी."